अंगठ्याएवढी जागा

डॉक्टर बाहेर आले तेव्हा माझ्या हातात बायकोच्या चपला होत्या. तिला आत नेताना नर्सने त्या काढून माझ्याकडे दिल्या होत्या.

"हृदय बंद पडलं," डॉक्टर म्हणाले. "आम्ही चाळीस मिनिटं प्रयत्न केले."

मी "बरं" म्हणालो. मग मी चपला उलट्या केल्या आणि तळ बघितले. दोन्ही सारख्या झिजल्या होत्या. अकरा वर्षं तिच्या नकळत मी हे बघत आलो होतो. त्या दिवशीही हात सवयीने वळला.

अकरा वर्षांपूर्वी तिच्या उजव्या चपलेची बाहेरची कड दोन महिन्यांत जायची. ती कपडे दुरुस्त करायची. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कॉलर उलटवणं. मशीन पायाचं. खुब्याच्या गोळ्याला रक्त पोचेनासं झालं आणि हाड आतून मेलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. एकेक पायरी ती कठड्याला धरून चढायची. मी पिशवी मागितली की म्हणायची, "पिशवी राहू दे. पाय घेता का?"

खुबा बदलायचं ठरलं. तारीख मिळायला आठ महिने लागले.

मी पॉलिश करणारा माणूस. आधी वीस वर्षं नळ आणि दारांच्या मुठी चमकवल्या. मग खुबे आणि गुडघे बनवणाऱ्या कारखान्यात लागलो. मांडीच्या हाडात जो टायटॅनियमचा दांडा ठोकून बसवतात, त्याला आम्ही खुंटी म्हणायचो. पहिल्याच आठवड्यात मी एक खुंटी आरशासारखी करून साहेबांच्या टेबलावर ठेवली. शाबासकी मिळेल असं वाटलं.

साहेब म्हणाले, "झकास. आता ही कपाटात ठेवा. माणसात नाही बसायची."

मग प्रयोगशाळेतल्या बाईंनी आम्हाला सगळ्यांना बसवून शिकवलं. हाडाला गुळगुळीत जागा धरता येत नाही. म्हणून खुंटीवर बारीक खड्यांचा मारा करून ती मांजराच्या जिभेसारखी खरखरीत करायची. त्या खाचांमध्ये हाड वाढतं आणि धातूला धरतं. हाडाने धरलं नाही तर खुंटी हलते, मांडी दुखते, सगळं पुन्हा उघडावं लागतं. पण खरखरीत असून भागत नाही, स्वच्छही पाहिजे. बाईंनी दोन तुकडे ठेवले आणि दोन्हींवर पाण्याचा थेंब सोडला. एकावर थेंब लगेच पसरला. दुसऱ्यावर गोळा होऊन बसला.

"या दुसऱ्याला मी फक्त बोट लावलं," बाई म्हणाल्या. "बोटाला तेल असतं. जंतू मारता येतात, तेलाचा थर तसाच राहतो. पाणी जिथे टेकत नाही, तिथे हाडही नीट टेकत नाही."

हे मी घरी सांगितलं आणि पस्तावलो. तेव्हापासून मी घासलेल्या प्रत्येक ताटावर ती थेंब टाकून बघायला लागली. "गोळा झालाय. पुन्हा घासा." खाचांचं मात्र तिला लगेच कळलं. "कॉलरच्या आत घालायच्या बकरमसारखंच की. खरखरीत बाजू कापडाला धरते, गुळगुळीत बाजू लावली तर पहिल्या धुण्यात सुटते." मला जे शिकायला महिना लागला ते तिने कॉलर शिवता शिवता समजून घेतलं.

तिच्या ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात मी शेवटच्या तपासणीवर होतो. धुऊन आलेला माल भिंगाखाली बघायचा आणि पाकिटात जाऊ द्यायचा. स्टोअरवाला काचेपलीकडून ओरडला, "दहा नंबरची खुंटी वहिनींच्या दवाखान्याची, त्यांच्याच मापाची! नीट बघा, नाहीतर घरी खैर नाही!"

मी ती नीट बघितली. काही दोष नव्हता. मग मी हातमोजा काढला आणि वरच्या बाजूला, बाहेरून, अंगठा टेकवला. पॉलिशवाल्याचा विश्वास डोळ्यांवर कमी आणि अंगठ्यावर जास्त. आणि खरं सांगायचं तर मनात म्हणालो, सांभाळ तिला.

अंगठा उचलला आणि मला बाईंनी बोट लावलेला तो तुकडा आठवला.

हात लागलेला तुकडा बाजूला ठेवायचा, कागद भरायचा आणि पुन्हा धुवायला पाठवायचा, असा नियम होता. दुसरी दहा नंबरची तयार नव्हती. चार दिवस लागले असते, तारीख गेली असती, नवी तारीख कधी मिळाली असती कोण जाणे. आदल्याच संध्याकाळी ती जिन्यात दोन मजल्यांच्या मध्ये बसून राहिली होती. मी गॉजवर स्पिरिट घेतलं, ती जागा पुसली आणि खुंटी पुढे जाऊ दिली.

ऑपरेशननंतर फाइलमध्ये स्टिकर चिकटवलेलं होतं. त्यावरचा नंबर त्याच खुंटीचा होता.

दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली. दोन महिन्यांनी काठी सोडली. तिसऱ्या महिन्यात जिना चढून वर आली, दारात थांबली आणि म्हणाली, "अहो, दुखलं नाही." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो. डॉक्टरांच्या पाया पडायला गेलो तर त्यांनी मला खुर्चीत बसवलं.

पण ती खुर्चीतून उठली की मी तिचं पहिलं पाऊल बघायचो. ते तिच्या लक्षात यायचं. "माझ्याकडे बघता की मांडीकडे? या वयात?" मी हसायचो. दर वर्षी एक्स-रे चांगला यायचा. पण एक्स-रेत एवढीशी जागा दिसत नाही, हे मला माहीत होतं.

पाचव्या वर्षी तिची मांडी दुखायला लागली. माझं जेवण सुटलं. तिसऱ्या दिवशी जिन्यात मी थांबलो. आता सांगून टाकायचं असं ठरवलं होतं.

"काय झालं? बोला की," ती म्हणाली.

"ही पायरी तुटलीय," मी म्हणालो. "जपून."

पुढे कळलं की तिने मशीन एकटीने खिडकीकडे सरकवलं होतं. पंधरा दिवसांत दुखणं गेलं. सांगायचंही मागे पडलं.

ती गेली त्या दिवशी खुब्याचे डॉक्टर एक कागद घेऊन आले. सहा वर्षांपूर्वी तिने त्यावर सही केली होती. आपण गेल्यावर खुंटी आणि तिच्याभोवतीचं हाड अभ्यासासाठी घ्यावं. सही करताना ती म्हणाली होती, "उसनं आणलेलं परत करायचं असतं." मी विसरलो होतो. आता माझी सही लागत होती.

मुलगी म्हणाली, "बाबा, आता आईला कापायचं? नाही म्हणा. तुम्ही नाही म्हणालात तर ते नेणार नाहीत."

नाही म्हणणं सोपं होतं. मुलीला वाटलं असतं आईसाठी म्हणतोय. पण मला भीती स्वतःची होती. मी तिची सही बघितली. कापडावर खडूने खूण करायची तशी ठसठशीत होती. तिच्याखाली मी माझी केली.

तीन महिन्यांनी कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला; खुंटी अभ्यासासाठी त्यांच्याकडेच आली होती. आता त्यांचे सगळे केस पांढरे झालेत. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं.

"काळी आहे ती तुमची खुंटी. गुलाबी आहे ते हाड."

मी बघत राहिलो. एकेका खाचेत हाड उतरलं होतं. आयुष्यभर मी धातू बघितला, पण तो असा धरलेला कधी बघितला नव्हता.

"बाई, वरचा भाग दाखवा. बाहेरची बाजू."

"तिथलंच का?"

"दाखवा ना."

त्यांनी काच बदलली. तिथे काळ्या आणि गुलाबीच्या मध्ये फिकट दोऱ्यांसारखं काहीतरी होतं. हाड टेकलं नव्हतं.

"केवढी जागा आहे?"

"दीड सेंटीमीटर असेल. का हो?"

मी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना अंगठा मुठीत धरून बसलो होतो.

"गॉजने पुसलंत?"

"हो."

"मूर्ख आहात."

"हो."

बाईंनी स्वतः पुन्हा एकदा सूक्ष्मदर्शकातून बघितलं. मग म्हणाल्या, "ऐका. मी आजवर बघितलेल्या प्रत्येक खुंटीत अशी रिकामी जागा कुठे ना कुठे आहे. ही तुमच्या अंगठ्याने झाली की आपोआप, मला सांगता येणार नाही. सांगितलं तर खोटं होईल. पण हे बघा."

त्यांनी काच जराशी सरकवली. रिकाम्या जागेच्या कडेने हाड इतर ठिकाणापेक्षा जाड झालं होतं.

"तिथला भार या कडेच्या हाडाने उचललाय," बाई म्हणाल्या. "तुमच्या मंडळींचं हाड कामसू होतं."

कापड फाटलं की ती फाटक्या जागेभोवती आधी दुहेरी टीप घालायची. मला ते आठवलं. मी बाईंचे आभार मानले. त्यांनी मला चहा पाजला.

घरी येऊन मुलीला सांगितलं. ती आधी रागावली, मग हसायला लागली, मग रडली.

"म्हणून तुम्ही आईच्या चपला उलट्या करून बघायचात?"

"तुला माहीत होतं?"

"आईलाही माहीत होतं. म्हणायची, तुझ्या बाबांना माझ्या चपलांची भारी काळजी."

अकरा वर्षं ती तिसऱ्या मजल्यावर चढली आणि उतरली. त्यासाठी मी त्या डॉक्टरांचा ऋणी आहे, बाईंचा आहे, आणि त्या हाडाचाही आहे. साहेबांना भेटून मी झालेलं सांगितलं. स्टोअरवाल्यालाही सांगितलं.

तिला मात्र सांगितलं नाही. एका घरात होतो, अकरा वर्षं मिळाली होती. ते तेवढं राहिलं.