यरीहोचा तट आणि सहा पोती सिमेंट

गवंड्याने एका सभागृहाची भिंत बारा वर्षांपूर्वी बांधली होती आणि तिच्या वाट्याचं सहा पोती सिमेंट ढापून स्वतःच्या स्वयंपाकघराची भिंत उभी केली होती. स्वयंपाकघराच्या भिंतीला आजवर साधा तडा नव्हता. सभागृहाच्या भिंतीला मात्र पोट सुटलं होतं. परवा रस्त्यावरून जाताना त्याने ते पाहिलं आणि तेव्हापासून त्याच्या घशाखाली घास उतरेना.

म्हणून रविवारी दुपारी तो कबुली द्यायला तिथल्या शास्त्रवाचनाच्या वर्गात गेला. त्याच भिंतीला पाठ टेकून वीस-बावीस माणसं सतरंजीवर बसली होती. वर्ग घेणारे सर बायबलातली एकही गोष्ट बाहेर घडू देत नसत. नोहाचं तारू मनात, योनाचा मासा मनात. आज पाळी यरीहोच्या तटाची होती, लोकांनी सात फेऱ्या मारल्यावर कोसळलेल्या त्या तटाची.

“तट म्हणजे अहंकार,” सर सांगत होते. “सात फेऱ्या म्हणजे जागृतीच्या सात पायऱ्या.”

“सर, ही भिंत पडणार आहे,” गवंडी दारातूनच म्हणाला.

सरांनी डोळे मिटले. “ऐकलंत? आणि हा माणूस आज पहिल्यांदाच आलाय!”

“अहो, खरंच पडेल! मीच बांधलीय. सिमेंट चोरलं मी.”

“आपणच बांधतो,” सर गहिवरले, “आणि आपणच कच्ची ठेवतो.” पेनं भराभर चालू लागली. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने रुमाल डोळ्यांना लावला.

“बाहेर व्हा सगळे!”

“कशाच्या बाहेर?” सरांनी वर्गाला विचारलं.

“देहाच्या!” वर्ग एका सुरात म्हणाला.

गवंड्याने कपाळाला हात लावला. शिव्या खायला आलेल्या माणसाला त्यांनी हाताला धरून सरांशेजारच्या खुर्चीत बसवलं. आणि खोटं कशाला बोला, खुर्ची मऊ होती. चोरीचा साक्षात्कार होत असेल तर कोणाला नको असतो? क्षणभर त्यालाही वाटलं, असेलही भिंत मनातच.

एवढ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी बादली घेऊन पुढे आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“सिमेंट चोरलंस? मेल्या, रोज त्या भिंतीखाली बसून डबा खाते मी! माझी नात तिथे झोपते! आणि वर खुर्चीत बसतोस?”

त्यांनी बादली उचलली आणि फिनेलचं काळं पाणी सतरंजीवर ओतलं. त्याचा अर्थ मात्र कोणाला लावत बसावं लागलं नाही. मिनिटभरात सगळा वर्ग चपला हातात घेऊन रस्त्यावर उभा होता, सर सगळ्यांत पुढे.

गवंडी पायरीवर बसून ढसाढसा रडला. बारा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याला चोर समजून बोललं होतं, आणि त्याला फार बरं वाटलं.

“किती सुंदर अश्रू,” सर लांबून म्हणाले.

“रडतोस काय?” मावशी खेकसल्या. “आधी टेकू आण!”

तो पळतच सुटला.