पोस्टमनने नर्सला का सोडलं?

त्या रविवारी पोस्टमनने नर्सला एका शब्दानेही न विचारता बदलीच्या गावची गाडी पकडली आणि आमच्या चाळीतल्या निम्म्या तव्यांवर भाकरी करपली. माझे वडील कोंडीबा, म्हणजे आबा, ताट पुढे सारून उठले. शेजारची माजिदा दारात येऊन मलाच विचारायला लागली, "मथुरा, असं कसं केलं गं त्या मुडद्यानं?" मला काय माहीत? मी शिलाई मशीनवर बसून एकाच ब्लाउजची एकच बाही दुसऱ्यांदा उलटी जोडली होती.

हे प्रकरण आधी नीट सांगायला हवं. साल अठ्ठ्याहत्तर. सोलापुरात तेव्हा टेलिव्हिजन दिसत नव्हता, मुंबईचा पुण्यापर्यंत दिसायचा. आमच्या चाळीतले बाळासो एस.टी.त कंडक्टर, आणि शनिवारी त्यांची पुण्याची मुक्कामी गाडी असायची. तिथे शनिवारी संध्याकाळी टेलिव्हिजनवर एक नाटक लागायचं, दर आठवड्याला थोडं थोडं. ते बघून बाळासो रविवारी परतले की चारच्या सुमाराला नळाजवळच्या कट्ट्यावर बसून सगळं सांगायचे. आमच्यातल्या एकानेही जन्मात टेलिव्हिजन पाहिला नव्हता, पण सहा महिने आम्ही ते नाटक चुकवलं नाही. त्यातल्या माणसांना नावं नव्हती. माजिदाने एकदा विचारलं, तर बाळासो म्हणाले, "नावं काय करायच्यात? त्यो पोस्टमन, ती नर्स." आम्हाला तेवढं पुरलं.

एरवी हा माणूस अबोल. पस्तिशीला आलेला, एकटा, स्वतःबद्दल दोन वाक्यं बोलायची तर कान लाल व्हायचे. पण नाटक सांगायला बसले की नर्सचं बोलणं निराळं, पोस्टमनचं निराळं, मध्येच दवाखान्यातल्या म्हातारीचा खोकला. ऐकणाऱ्यांचा चहा हातात गार व्हायचा.

दिवाळीच्या आधी त्यांनी मला एक खाकी शर्ट रफू करायला आणून दिला. वर्तमानपत्रात गुंडाळून, कुणाला दिसू नये असा. मला राग आला. मला तो लवकर येतो. मी म्हटलं, "फाटलेलं दाखवाय लाजू नये, घालाय लाजावं." पुढच्या रविवारी नर्सने पोस्टमनला त्याच्या फाटक्या पिशवीवरून हेच सुनावलं. शब्द न शब्द. असेल योगायोग, असं मी म्हटलं. पण मग नर्स चहात आलं जास्त ठेचून घालायला लागली, रागावली की पदर खोचायला लागली, आणि माजिदा मला कोपराने ढोसायला लागली. एका रविवारी तर पोस्टमन नर्सला म्हणाला, "तुमी रागावलात की माजा दिवस चांगला जातो." हे सांगताना बाळासोंनी कट्ट्यावरच्या प्रत्येकाकडे पाहिलं, माझ्याकडे तेवढं पाहिलं नाही. ते वाक्य मी आठवडाभर उशाशी घेऊन झोपले.

तरी खात्री कशाची? ते माझ्याशी बोलतायत की मीच खुळी झालेय, मला कळेना. नर्स पुण्याच्या टेलिव्हिजनवर, मी सोलापुरात मशीनवर. तिला माझं बोलणं कोण जाऊन सांगणार? आणि विचारायचं तरी कसं? "तुमचा पोस्टमन माझ्या मागं हाय का?" असं विचारायचं?

अशात करमाळ्याचं स्थळ आलं. मानसिंग नावाचे बिजवर, मार्केटात कारकून, दोन मुलं. मी अठ्ठावीस वर्षांची; आई गेल्यावर धाकट्या बहिणीचं करता करता माझं राहून गेलं होतं. एका रविवारी ती माणसं येऊन मला बघून गेली, आबांच्या मनात स्थळ भरलं. मी म्हटलं, आठ दिवस द्या. मला पोस्टमनचं बघायचं होतं. त्याने नर्सला विचारलं, की मी करमाळ्याला नाही म्हणणार. आपल्या जन्माचा निकाल मी एका न पाहिलेल्या नाटकावर सोपवला होता, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

आणि आठ दिवसांनी पोस्टमन निघून गेला. "संपलं," एवढं म्हणून बाळासो चहा न घेताच उठले. सोमवारी मी आबांना होकार दिला. साखरपुडा पुढच्या महिन्यातल्या शुक्रवारचा ठरला. मला रडू येत होतं, पण ते नर्ससाठी येतंय की माझ्यासाठी, याचा मला काही पत्ता लागेना.

चाळीला निराळाच घोर लागला. लेकीचं ठरल्याचा आनंद बाजूला ठेवून आबा पोस्टमनवर तणतणत फिरत होते. "सा म्हयने घोळवलं आन् ऐन वक्ताला कच खाल्ली! ह्येला काय नाटक म्हनायचं व्हय? जाब इचारला पायजे." मग मुंबईच्या टेलिव्हिजनवाल्यांना पत्र लिहायचं ठरलं, आणि चाळीत अक्षर बरं म्हणून ते मलाच लिहायला लावलं. आबांनी सांगितलं, मी लिहिलं. पोस्टमनला परत आणावे. त्याची बदली रद्द करावी. शेवटी "यात नर्सचा काय गुन्हा झाला तेही कळवावे" हे वाक्य मात्र आबांनी सांगितलं नव्हतं. ते मी घातलं. खाली एकतीस माणसांच्या सह्या आणि अंगठे झाले. फक्त बाळासोंनी सही केली नाही. त्यांची ड्यूटी होती म्हणे.

उत्तर येईल असं कुणाला वाटलं नव्हतं, पण ते आलं. साखरपुडा सहा दिवसांवर असताना, शनिवारी दुपारी. आबांनी चाळ गोळा केली आणि मला वाचायला उभं केलं.

"महोदय, आपले पत्र मिळाले. आपण उल्लेखिलेली मालिका अद्याप संपलेली नसून तिचे सहा भाग बाकी आहेत. तीत पोस्टमनचे पात्र नाही. खांद्याला पिशवी लावलेले पात्र विमा एजंटचे आहे. परिचारिका ही त्याची सख्खी बहीण असून ती पहिल्या भागापासून विवाहित आहे. आपण दाखविलेल्या आवडीबद्दल आभारी आहोत."

माजिदाने तोंडावर हात ठेवला. "तोबा! सख्खी बहीण?" आबांनी पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं, उलटं धरलं, सुलटं धरलं, पाठीमागे काही लिहिलंय का बघितलं. कुणी म्हणालं पत्र भलत्याच गावाला जायचं ते आपल्याकडे आलं. कुणी म्हणालं पोस्टमन बदली होऊन विमा एजंट झाला असेल. शेवटी टोकाच्या खोलीतली म्हातारी दगडाबाई म्हणाली, "आरं, मग आपून सा म्हयने ऐकलं ते कुनाचं?"

जे मी मनाशीसुद्धा धड बोलले नव्हते ते त्या सरकारी कागदावर येऊन बसलं होतं, आणि तरी ते खरं मानायची मला हिंमत होईना.

दुसऱ्या दिवशी बाळासो आले. महिनाभर ते कट्ट्याकडे फिरकत नव्हते. खाली मान घालून खोलीत जायचे. आबांनी त्यांना जिन्यापाशीच गाठलं, कट्ट्यावर आणून बसवलं आणि पत्र पुढे केलं. मी आमच्या दारातच मशीनवर होते. पाय चालत होता, खाली कापड होतं की नव्हतं देव जाणे.

बाळासोंनी पत्र दोनदा वाचलं. "बहीण व्हय," ते स्वतःशीच म्हणाले. "मला वाटलंच न्हाय."

"तू डोळ्यानं बगत हुतास ना?" आबा म्हणाले.

"बगत हुतो. पुण्यात एक दुकान हाय, काचंच्या आत टेलिव्हिजन लावून ठेवत्यात. रस्त्यावर ही गर्दी. पर आवाज काचंच्या भाईर येत न्हाय, कोंडीबा. नुसती तोंडं हलत्यात."

"मग ती काय बोलत्यात ते तुला कळायचं कसं?"

"न्हाय कळायचं."

"मग ती बोलनी?"

"माजी."

चाळीत गलका झाला. कुणी हसलं, कुणी चिडलं. दगडाबाई म्हणाली, बनेल मेला, सहा महिने ताकास तूर लागू दिली नाही. पण आबांचं घोडं तिथेच अडलं होतं. त्यांना नाटकाचा शेवट खात होता. "बरं, सारी बोलनी तुजी. मग चांगला शेवट कराय तुजं काय जात हुतं? त्यो पळाला का? नर्सनं केलं काय असं?"

बाळासोंनी पत्राची घडी करून आबांच्या हातात ठेवली. कान असे लाल, की कट्ट्याच्या दुसऱ्या टोकावरून दिसावेत. "तिनं काय केलं न्हाय," ते म्हणाले. "त्याच्या आदल्या रईवारी मी ड्यूटीवरनं आलो, तवा तुमच्या दारात करमाळ्याची मान्सं बसली हुती."

"मग? करमाळ्याच्या मान्सांचा आन् पोस्टमनचा संबंध काय?"

"कोंडीबाचाचा," माजिदा म्हणाली, "आता तरी कळू द्या की! नर्स तुमच्याच घरात हाय. ती बघा, मशीनवर बसलीय."

सगळी चाळ माझ्याकडे वळली. आबांना जरा वेळ लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाळासोंकडे पाहिलं, हातातल्या पत्राकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा फुलला, की माझ्या होकाराच्या दिवशीसुद्धा फुलला नव्हता. "आरं लेका! हे आदी बोलायचं की! करमाळ्याला उद्याच कळवतो. माजा शबुद गेला तर गेला, पर पोस्टमनचं जमलं पायजे. दिली पोर तुला!"

टाळ्या पडल्या. दगडाबाई साखर आणायला धावली. महिनाभर तोंड पाडून बसलेल्या त्या माणसांना हवा तसा शेवट मिळाला होता. आणि मला? खोटं कशाला बोलू, आतून मला नाचावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी इतका संताप आला होता की मशीनचं चाक हाताने गच्च धरावं लागलं. एकाच माणसाचा एकाच क्षणी इतका आनंद व्हावा आणि इतका राग यावा, हे कसं, मला आजही उलगडत नाही. याच माणसाच्या बोलण्यावर मी आठ दिवस जीव टांगून बसले होते. याच माणसाने, दाराशी चार चपला अनोळखी दिसल्या म्हणून, पोस्टमनला गाडीत बसवून मला नाटकातून काढून टाकलं होतं.

"थांबा," मी म्हटलं. टाळ्या थांबल्या. दगडाबाई साखरेचा डबा घेऊन उंबऱ्यातच राहिली.

"करमाळ्याच्या मान्सांनी तुमास्नी इचारलं, आबा. ह्यांनी समद्या चाळीला सांगितलं. आन् आता तुमी देऊन बी टाकली. मला कुनी इचारलं का?"

आबा गडबडून म्हणाले, "अगं, पर तू तर करमाळ्याला व्हय म्हनलीस—"

"त्ये बी तुमी इचारलं म्हनून. त्या करमाळ्याच्या मान्साला माजा आवाज तरी ठावं हाय का?"

मग बाळासो उठले. मला वाटलं जिन्याकडे जातील, पोस्टमनसारखे. पण ते आमच्या दाराकडे आले आणि मशीनच्या पलीकडे उभे राहिले. हातात तिकिटांची पेटी नव्हती, म्हणून हात कुठे ठेवायचे ते त्यांना समजत नव्हतं. सहा महिने दोघांची बोलणी बिनचूक बोलणारा हा माणूस.

"मथुराबाई," ते म्हणाले, "मी... तुमाला..." आणि अडकले.

"बोल की, 'तुमी रागावलात की—'" माजिदाने मागून सुचवलं. कट्ट्यावरून दुसऱ्याने दुसरं वाक्य सुचवलं. आबांनी तिसरं. सगळ्यांना पोस्टमन पाठ होता.

मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "त्यांचं त्यांना बोलू द्या," मी म्हटलं, आणि वाट बघत बसले.