चित्र आलं, आवाज आला नाही

मित्रांनो, मी एक जुना टीव्ही ट्यूनर आहे. ट्यूनर म्हणजे काय, असं तुम्ही विचारणारच. मी काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी अशी काळी डबी आहे. माझ्या एका टोकाला अँटेनाची वायर खुपसायची, दुसऱ्या टोकाची शेपटी लॅपटॉपला जोडायची, की लॅपटॉपच्या पडद्यावर टीव्ही दिसायला लागतो. सध्या मी आष्ट्याजवळच्या एका मळ्यातल्या घरात, भिंतीतल्या कोनाड्यात असतो. शेजारी पत्रांचा एक गठ्ठा आहे. मला कुणी उकिरड्यावर टाकलेलं नाही. टाकलं असतं तर फार बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी चिमट्यानं उचलून एकेक बारीक भाग माझ्या पोटात बसवला. हवेतून टीव्हीचं चित्र येतं, त्याच्याबरोबर आवाजही येतो. पण आवाज चित्रापासून थोडं अंतर ठेवून चालतो, आणि ते अंतर किती असावं हे ज्या त्या देशानं आपापलं ठरवलेलं असतं. माझा कान कुठल्याशा दुसऱ्या देशाच्या मापानं बसवला गेला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी भारतात येणार आहे, हे त्या बायकांना तरी कुठं ठाऊक होतं? शेवटी माझ्या पाठीवर चंदेरी अक्षरांत ‘डिजिटल’ असं छापलं. त्या काळात ऊठसूट सगळ्यांच्या पाठीवर हाच शब्द असायचा, पण मी आपला उगाच फुशारून गेलो होतो.

फिरत फिरत मी सांगलीला सुमंतकाकांच्या दुकानात आलो. सुमंतकाका टीव्हीचे सुटे भाग विकायचे आणि नुकतेच संगणकाच्या सामानात पडले होते. माणूस सरळ. येणाऱ्या जाणाऱ्याला ते मला काचेच्या कपाटातून काढून दाखवायचे आणि म्हणायचे, “एवढ्याशा डबीत अख्खा टीव्ही आहे बघा.” लोक मला तळहातावर घेऊन वजन करायचे, कौतुक करायचे आणि परत ठेवून जायचे. चार महिने माझे असेच कौतुकात गेले. आयुष्यातले तेवढेच सुखाचे म्हणायचे.

मग एकोणीसशे नव्याण्णवच्या जून महिन्यातला एक शनिवार उजाडला.

त्या सकाळी दुकानात दोन माणसं आली. एक लालासाहेब, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेले आणि आता ऊस करणारे. दुसरी त्यांची लेक क्रांती. ती इस्लामपूरला एका संगणक वर्गात शिकवायची आणि वर्गाचा एक जुना लॅपटॉप कामासाठी तिच्याकडे असायचा. तोच ती छातीशी धरून आली होती. त्यांचं बोलणं ऐकून मला सगळं कळलं.

लालासाहेबांचा मुलगा ऋषिराज सरहद्दीवर होता. तिकडं लढाई पेटली होती. त्याचं पत्र आलं होतं, की आमच्या तळावर टीव्हीवाले येऊन गेले, प्रत्येकाला घरच्यांसाठी दोन शब्द बोलायला लावलं, आणि ते येत्या शनिवारी संध्याकाळी सातच्या बातम्यांनंतर दाखवणार आहेत. पत्र पोचलं शुक्रवारी. घरी टीव्ही होता, पण मळ्यात संध्याकाळी सहा ते नऊ लाइट जायची, ती ब्रह्मदेव आला तरी यायची नाही. लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालतो. म्हणून क्रांतीच्या डोक्यात ट्यूनरचं आलं होतं.

ही सगळी धडपड ऋषिराजच्या आईसाठी होती. तिचं नाव मनुबाई. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं तिची दोन्ही डोळ्यांची नजर गेली होती. पोराला रजा मिळून चौदा महिने झाले होते, आणि मळ्यात फोन नव्हता. त्याची पत्रं यायची, पण ती क्रांती वाचून दाखवायची. म्हणजे पोरगं बोलायचं ते बहिणीच्या आवाजात. मनुबाई आदल्या दिवशी नवऱ्याला म्हणाल्या होत्या, “आवं, मला काय दिसायचं न्हाई. पर त्येचा आवाज तेवढा कानावर पडू द्या. मग मला काय बी नको.”

सुमंतकाकांनी दोन ट्यूनर पुढं ठेवले. एक मोठा होता, त्याला स्वतःचा स्पीकर होता, पण तो लाइटीवर चालायचा. दुसरा मी. मला लागेल तेवढी वीज मी लॅपटॉपमधूनच घ्यायचो.

“लाइट नसताना चालणारा हवा,” क्रांती म्हणाली.

“मग हाच,” असं म्हणून सुमंतकाकांनी मला पुढं सरकवलं.

क्रांती हुशार पोरगी. तिनं माझी शेपटी लॅपटॉपला जोडली, तबकडीवरून माझा प्रोग्राम चढवला, सुमंतकाकांच्या अँटेनाची वायर लावली, आणि झर्रकन चित्र आलं. स्वच्छ, रंगीत. लालासाहेब खाली वाकून बघत राहिले. “काय झ्याक दिसतंय गं,” असं ते दोनदा म्हणाले. आता आवाजाची वायर जोडायची, म्हणून सुमंतकाका उठले आणि तिथंच थांबले.

त्या सकाळी दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारे मास्तर वारले होते. जिन्याच्या तोंडाशी माणसं उभी होती. तिरडी अजून बांधायची होती. समोरच्या सलूनवाल्यानंही रेडिओ बंद ठेवला होता.

“अगदी हळू लावून बघू का?” सुमंतकाकांनी विचारलं.

लालासाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. “नको. दारात मयत असताना टीव्ही वाजवायचा न्हाई.”

क्रांती पुटपुटली, “आबा, आईला तर आवाजच पाहिजे.”

“चित्र आलं म्हंजे आवाज आलाच की गं. एका वाटेनं येत्यात दोघं,” लालासाहेब म्हणाले. “चल, सात वाजायच्या आत घर गाठायचंय.”

मित्रांनो, त्या क्षणी मला ओरडून सांगावंसं वाटलं, अशी थाप मी मारणार नाही. माझा कान चुकीच्या जागी बसलाय हे मलाच कुठं माहीत होतं? मी तर घरी जायला मिळणार म्हणून खूश होतो. लालासाहेबांनी निघताना वर जाऊन मास्तरांच्या पायांवर हात ठेवला. ओळख ना पाळख. तसा रिवाजच आहे त्यांच्याकडं.

लॅपटॉपची बॅटरी म्हातारी होती, जेमतेम अर्धा तास टिकायची. क्रांतीनं ती दुकानातच भरून घेतली आणि वाटेत लॅपटॉप उघडायचा नाही असं ठरवलं. एस.टी. रखडली, घरी पोचेपर्यंत सहा वाजून लाइट गेली होती, म्हणून तिथंही तिनं उघडला नाही. एक मिनिट वाया घालवायचं नव्हतं. लालासाहेबांनी घरावरच्या अँटेनाची वायर खिडकीतून आत घेतली. मनुबाई सकाळपासून नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. त्यांनी मला हातात मागून घेतलं, सगळीकडून चाचपलं, आणि माझ्यावर हळदीकुंकवाची बोटं टेकवली.

“एवढुश्या डबीतनं येणार व्हय माजा लेक?” त्या म्हणाल्या आणि चक्क हसल्या. त्या घरात मी ऐकलेलं ते शेवटचं हसू.

सात वाजून पाच मिनिटं झाली तेव्हाही लाइट नव्हती, ठरल्याप्रमाणे. क्रांतीनं लॅपटॉप उघडला. चित्र आलं. बातम्या देणारी बाई ओठ हलवत होती. क्रांतीनं आवाज वाढवला. फक्त खरखर. तिनं आणखी वाढवला, आणखी मोठी खरखर. तिनं वायर काढली, पुसली, पुन्हा घातली. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला, त्यात पाच मिनिटं गेली. तिच्या कपाळावर घाम आला होता. लालासाहेब अंगणात जाऊन अँटेना फिरवत होते आणि आतून कुणी ‘आला’ म्हणेल याची वाट बघत होते.

मी काय करत होतो? मी जीव तोडून ऐकत होतो. पण जिथं मी कान लावला होता तिथं काही नव्हतं. आवाज माझ्या शेजारून, अगदी हाताच्या अंतरावरून चालला होता आणि मला तो धरता येत नव्हता.

“आबा, दादा,” क्रांती किंचाळली. लालासाहेब धावत आत आले.

ऋषिराज पडद्यावर आला. दाढी वाढलेली, डोक्याला कानटोपी, मागं उघडा डोंगर. तो आधी लाजला, बाजूला बघून कुणाला तरी काहीतरी म्हणाला, मग समोर बघून बोलायला लागला. बराच बोलला. दोन शब्द सांगा म्हटलं होतं, यानं चार वाक्यं घेतली. मध्येच एकदा तो थांबला आणि त्यानं मनगटानं नाक पुसलं. मग आणखी एक वाक्य बोलून तो गेला, आणि दुसरा जवान आला.

मनुबाईंनी कान लॅपटॉपला टेकवला होता. “आला का? बोलतुया का? आगं पोरी, आवाज सोड की.”

क्रांती वायर दाबून धरत राहिली.

“आवं, काय म्हनला त्यो?”

लालासाहेबांना फौजेत कधी खोटं बोलता आलं नव्हतं, घरात काय येणार. “आदी ‘आई’ म्हनला,” ते म्हणाले. “तोंडावरनं तेवढं कळलं. म्होरचं न्हाई कळलं.”

मनुबाई तशाच कान टेकून बसल्या. बॅटरी संपून पडदा काळा झाला, तरी त्या उठल्या नाहीत.

आसपासच्या सगळ्या वस्त्यांवर तेव्हा अंधार होता, त्यामुळं गावात कुणीच ऐकलं नव्हतं. लालासाहेबांची बहीण चंद्राबाई कोरेगावला राहायची, तिच्याकडं लाइट होती. लालासाहेब दुसऱ्या दिवशी आष्ट्याला जाऊन तिला फोन करून आले. चंद्राबाई म्हणाली, “ऋषी दिसला, ‘आई’ म्हनला, आन् आमची पोरं जी नाचाय लागली, म्होरचं कुनालाच ऐकू आलं न्हाई रं.” क्रांतीनं टीव्हीवाल्यांना दोन पत्रं घातली. त्यांचं उत्तर आलं नाही. मग सगळे म्हणू लागले, जाऊ द्या, रजेवर आला की त्यालाच विचारू, काय बोललास रं म्हणून.

बाविसाव्या दिवशी फौजेची गाडी मळ्यात आली.

त्या दिवसाचं मी सांगत नाही. एवढंच सांगतो, की त्या संध्याकाळी नेमकी लाइट होती, रात्रभर होती. पण आष्ट्यापासून मळ्यापर्यंत एकाही घरात टीव्ही लागला नाही. शेजारचे बाळासो येऊन सांगत होते, की बाजारात हॉटेलवाल्यांनीसुद्धा रेडिओ बंद ठेवले आहेत. दारात मयत असताना वाजवायचं नाही. सगळ्या मुलखानं लालासाहेबांचा रिवाज पाळला.

लालासाहेब भिंतीशी बसून एकच बोलत होते. “मीच म्हनलो, आवाज नको. मीच म्हनलो.”

मनुबाईंनी त्यांना दोष दिला नाही. “तुमी बराबर केलं. मयताच्या डोक्याशी टीव्ही वाजवून आला असता, तर मीच तुमास्नी बोलले असते,” त्या म्हणाल्या. हे ऐकून लालासाहेब उठून उसात गेले ते दिवे लागेपर्यंत परतले नाहीत. मनुबाईंनी शिव्या घातल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं, असं मला वाटतं.

तेरावं झाल्यावर क्रांती मला घेऊन सांगलीला गेली. सुमंतकाकांनी सगळं ऐकलं. मग त्यांनी मला उघडलं. पेचकसानं माझ्या पोटातला एक बारीक स्क्रू पाऊण वेढा फिरवला. लगेच आवाज आला, खणखणीत.

“दहा मिनिटांचं काम होतं गं,” सुमंतकाका म्हणाले.

घरी येऊन क्रांतीनं मला लावलं. मी त्या घरात आणलेला पहिला आवाज कुणाचा, सांगू? बाजारभाव सांगणाऱ्या एका गृहस्थाचा. हळदीचा दर, गुळाचा दर. मनुबाईंनी कान लावून तो अथपासून इतिपर्यंत ऐकला, मग जाहिराती ऐकल्या, मग बातम्या ऐकल्या. शेवटी म्हणाल्या, “बंद कर बाय. ह्यात त्यो न्हाई.”

पुढं लॅपटॉप वर्गाला परत गेला. मी कोनाड्यात आलो.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी काहीतरी शिकवण सांगायची असते. वस्तू पारखून घ्या, असं सांगावं तर माझ्या माणसांनी पारखूनच घेतली होती. एक गोष्ट राहिली ती त्यांच्या भलेपणामुळं, आणि भलेपणा सोडा असं मी कुणाला सांगू? मागणं एकच आहे. तुमचं माणूस लांब असेल, तर नुसतं पत्र घालू नका म्हणावं त्याला. जमेल तिथून, जमेल तसं, त्याचा आवाज घरी पोचू दे. उद्यावर टाकू देऊ नका. आणि घरात कुणी त्याची वाट बघत बसलं असेल, तर मध्ये तुम्ही बोलू नका, नाचू नका, त्याला ऐकू द्या.

माझं म्हणाल तर मी आता अगदी धडधाकट आहे. कान जाग्यावर आहे. दर शनिवारी सात वाजता लालासाहेब चप्पल घालून बाहेर जातात. मनुबाई भिंत धरत धरत येतात, मला कोनाड्यातून काढतात आणि कानाशी धरतात. लॅपटॉपशिवाय मी मुका आहे, हे क्रांतीनं त्यांना समजावून सांगितलं आहे, आणि त्यांना ते कळलेलंही आहे. तरी त्या थोडा वेळ थांबतात. मग मला अगदी हळू विचारतात, “काय म्हनत हुता रं त्यो?”