चौथा रकाना

मी एक वही बोलतेय. निळ्या पुठ्ठ्याची, मधोमध दोऱ्याने शिवलेली. वह्यांच्या वाट्याला शाळा येते, नाहीतर दुकान. माझ्या वाट्याला एक नवरा-बायको आले.

मला आणलं एका समुपदेशक बाईंनी. त्यांच्याकडे माणसं जोडीने येतात आणि खुर्च्या लांब सरकवून बसतात. बाईंनी माझ्या पानापानावर चार रकाने आखले: काय घडलं, मनात काय आलं, पुरावा काय, आणि विचारून पाहिलं का.

"मनात आलं म्हणजे ते खरंच असतं असं नाही," बाई म्हणाल्या. "आधी लिहा, मग तपासा. ताई, तुम्ही पुढून लिहा. दादा, तुम्ही मागून. एकमेकांचं वाचायचं मात्र नाही. इथे येऊन तोंडाने सांगायचं."

ती शिवणकाम करते. दोनदा मोजल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. तो चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना विचारतो, "आता स्पष्ट दिसतंय? आणि आता?" घरी मात्र ती न मोजता कापते आणि हा तोंडातून अक्षर काढत नाही. मला हसू यायचं, आणि जीवही तुटायचा.

पहिल्याच संध्याकाळी तिने लिहिलं, 'आला तो सरळ गॅलरीत गेला. त्याला माझं तोंडही बघवत नाही. पुरावा: बारा वर्षं संसार केलाय, मला कळतं.' थोड्या वेळाने त्याने मला उलटं करून लिहिलं, 'ती मशीनवर मान खाली घालून बसली होती. मी आलो की तिला त्रास होतो, म्हणून गॅलरीत थांबलो. नाहीतर तिच्याजवळच बसायचं होतं. पुरावा: तिने वर पाहिलं नाही.' चौथा रकाना दोघांनीही कोरा सोडला.

आता शिवलेल्या वहीचं पहिलं आणि शेवटचं पान म्हणजे मधे दुमडलेला एकच कागद. त्या एका कागदावर दोघं शेजारी शेजारी होते. मला दोन्ही बाजू ठाऊक होत्या, पण मला तोंड कुठे आहे.

दर भेटीत बाई चौथ्या रकान्याचं विचारत. ती म्हणायची, "त्यात विचारायचं काय? दिसतंय की." तो म्हणायचा, "विचारलं की वाद होतो." चौथ्या भेटीत तिने सांगून टाकलं, "पुढच्या भेटीपर्यंत बघते. नाहीतर मशीन घेऊन बहिणीकडे जाते."

"तुझी मर्जी," तो म्हणाला. घरी येऊन माझ्यात लिहिलं, 'जाऊ नये असं वाटतं.'

पाचव्या भेटीला त्याला दुकानातून निघायला उशीर झाला. तो पोहोचेपर्यंत ती उठून गेली होती. घरी येताच तिने माझं पहिलं पान टरकन फाडलं. त्याबरोबर त्याच कागदाचं दुसरं अर्धं, त्याचं शेवटचं पान, सुटलं आणि तिच्या पायाशी पडलं. मी मनात म्हटलं, अगं, एकदाच नियम मोड. वाच.

ती प्रामाणिक निघाली. पान पालथं धरून तिने उचललं, सुईत दोरा ओवला आणि जिथल्या तिथे शिवून टाकलं. एक अक्षर पाहिलं नाही. मग बहिणीकडे निघून गेली.

तो आला तेव्हा मशीनची जागा रिकामी होती आणि मी टेबलावर. त्याने शेवटचं पान उघडलं. तिचे बारीक टाके तो ओळखतो. बराच वेळ त्यांवरून बोट फिरवत बसला आणि मग लिहू लागला.

'काय घडलं: तिने माझं पान शिवलं. मनात काय आलं: म्हणजे वाचलं. वाचूनही गेली. पुरावा: टाके.'

पेन तिथेच थांबलं. आज आठवडा झाला. मी त्याच पानावर उघडी पडून आहे आणि त्याचा फोन माझ्या शेजारीच असतो. मला फक्त रकाने आहेत, हात नाहीत. तुमच्या घरी अशी वही असो वा नसो, आपला फोन तेवढा उचला. विचारा.