एकतीस तारखेपर्यंतचा तक्ता

इंदू गेली हे मला सतरा तारखेला सकाळी कळलं. पण कलावतीमावशींनी तिचा तक्ता एकतीसपर्यंत आधीच भरून ठेवला होता, म्हणून दुपारी चार वाजता ती चहाला उठून बसली.

मावशी आजाऱ्यांसाठी बायका पुरवणाऱ्या ब्यूरोकडून यायच्या, इंदूचं सगळं करायला. तक्ता खाटेच्या पायाशी टांगलेला असायचा. दर दोन तासांची एक ओळ, आणि दर ओळीत तेच: नाडी ७८, ताप नाही, चहा अर्धा कप, हसतमुख.

मी तिची नाडी मोजली. अठ्ठ्याहत्तर भरली.

"अहो, साखर विसरलात," इंदू हसत म्हणाली.

"तुला पोचवून आत्ताच आलोय मी."

"असेल. पण कप भरू नका. अर्धाच लिहिलाय."

चहा संपला की खाट रिकामी. सहा वाजता, पुढच्या ओळीला, ती परत आली.

वीस तारखेला ब्यूरोच्या सुपरवायझर देवकुळेबाई आल्या. मावशींना काढून टाकलं होतं.

"आता आधीच्या दोन घरी चौकशी केल्याशिवाय आम्ही बाई घेत नाही, काका. न सांगता तपासायलाही येतो. आणि हा नवा तक्ता. काकूंच्या पाठीला पडून पडून झालेल्या जखमेची तक्रार तुमचीच होती, तेव्हा आमच्या कामात सुधारणा झाली की नाही ते तुम्हीच बघायचं आणि सही द्यायची."

नव्या तक्त्याला पुढची ओळच नव्हती. मी घड्याळ घेऊन बसलो. दोन वाजले तसा कागद बोटभर वाढला आणि एक कोरी ओळ आली. चारला दुसरी. आधी भरून ठेवणं आता कुणाच्या बापाला जमलं नसतं. शेवटी एक नवा रकाना होता: पाठ पाहिली का?

इंदू चहाला आली तेव्हा मी तिला कुशीवर वळवलं. पाठ नव्हती. जुन्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. पाठीच्या जागी चादर दिसत होती, स्वच्छ, कडा नीट खोचलेली.

"काय शोधताय?"

"जखम."

"ती कुठे लिहिलीय त्यांनी," इंदू म्हणाली. हसतच.

देवकुळेबाईंनी सहीची जागा दाखवली. "सही झाली की जुना तक्ता रद्द. मग नव्या बायका कामाला लागतील. तोवर कुणाकडेच बाई नाही; समोरच्या सोनटक्केआजी चार दिवस एकाच कुशीवर आहेत."

खिडकीतून आजींची खोली दिसत होती. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं.

"एकतीसपर्यंत थांबता येईल?"

"ते आजींना विचारा."

मी इंदूकडे पाहिलं.

"बाई पारखून घेतलीय ना, तेवढं बघा," ती म्हणाली. "आणि मला विचाराल तर..."

तेवढ्यात तिचा चहा संपला.

नवा तक्ता तेव्हापासून वाढतोच आहे. खिडकीतून बाहेर पडून, रस्ता ओलांडून, तो आजींच्या गॅलरीला टेकलाय. सगळ्या ओळी कोऱ्या आहेत. आजी अजून त्याच कुशीवर आहेत. आज चोवीस तारीख, चार वाजत आलेत. अर्धा कप चहा गाळून ठेवलाय, साखर घालून. पेन हातात आहे. सही करायची राहिली आहे.