बुआकेची गोलकीपर

नरेंद्रला स्ट्रोक येऊन आठ महिने झाले होते. सोमवार ते शनिवार त्याच्याकडे बघायला अमिनाता कुलिबाली यायची. आयव्हरी कोस्टची, पन्नाशीला टेकलेली, उंच, अबोल बाई. नरेंद्रला ती एकटी उचलून खुर्चीत बसवायची. ती आली की नरेंद्रची बायको शुभा ऑफिसचा लॅपटॉप उघडायची, आणि शनिवारी सकाळी मात्र दार लोटून दोन तास झोपायची. अमिनाताबद्दल यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हतं. विचारायचं त्राणही नव्हतं.

जुलैमध्ये नरेंद्रला डॉक्टरकडे न्यायला व्हीलचेअरची व्हॅन बोलावली होती. अमिनाताला बघताच व्हॅनचा ड्रायव्हर खाली उतरला आणि छातीवर हात ठेवून ताठ उभा राहिला. दोघं फ्रेंचमध्ये थोडं बोलले. मग त्यानेच शुभाला इंग्रजीत सांगितलं, की ही आमच्या देशाच्या हँडबॉल टीमची गोलकीपर होती. हिची मॅच असली की आमची अख्खी गल्ली एका टीव्हीसमोर बसायची. पुढे ती बुआके शहरात नगरसेविकाही झाली.

शुभाला ओशाळल्यासारखं झालं. आमटीचं पातेलं नीट घासलं नाही म्हणून तिने त्याच सकाळी अमिनाताला सुनावलं होतं.

घरी आल्यावर तिने विचारलं, इतके दिवस बोलली का नाहीस. अमिनाता नरेंद्रचे बूट काढत होती.

"तुम्ही विचारलं नाहीत, मॅडम. आणि सांगितलं असतं तरी बूट काढायचेच होते."

ड्रायव्हरने बातमी पसरवली असावी. ऑगस्टमध्ये नेवार्कला आयव्हरी कोस्टच्या लोकांचा स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम होता, तिथे तिचा सत्कार ठरला. वार शनिवार. अमिनाताने सुट्टी न मागताच येणार नाही असं कळवून टाकलं. शुभाला ते फोनवरच्या बोलण्यातून कळलं, आणि ती म्हणाली, जा, मी बघते.

त्या शनिवारी दुपारी बाथरूमच्या दारात नरेंद्र घसरला. लागलं नाही, पण शुभाला तो उचलेना. तीनदा प्रयत्न करून तिने 911 ला फोन लावला, त्याच्या डोक्याखाली उशी सारली आणि स्वतःही त्याच्या शेजारी फरशीवर आडवी झाली. "सॉरी," नरेंद्र म्हणाला. स्ट्रोकनंतर त्याला नीट म्हणता येणाऱ्या मोजक्या शब्दांपैकी तो एक होता. तिने त्याचा हात धरून ठेवला. फायर ब्रिगेडची माणसं आली, त्याला पलंगावर ठेवून गेली. अमिनाताला फोन करायचं तिच्या मनात येऊन गेलं, पण तिने केला नाही.

सोमवारी अमिनाता आली ती नेहमीच्याच कपड्यांत. कसं झालं विचारल्यावर म्हणाली, कार्यक्रम तीन तास उशिरा सुरू झाला, भाषणं पुष्कळ झाली. तिथल्या मंडळाने तिला अध्यक्ष व्हायची गळ घातली होती. ती नको म्हणाली.

"का? मान मिळाला असता."

अमिनाता खुर्चीवर बसली. कामाच्या वेळात ती सहसा बसत नसे.

"नगरसेविका होते तेव्हा सकाळी सहापासून दारात रांग असायची. कुणाला नोकरी हवी, कुणाला औषध. नंतर लढाई झाली, माणसं बेपत्ता झाली, तेव्हाही लोक माझ्याच दारात आले. माझ्याकडे उत्तर नव्हतं. इथेही व्हिसाच्या कागदपत्रांसाठी लोक तसेच रांग लावतील. मी दमले, मॅडम."

"मीसुद्धा," शुभा म्हणाली, आणि शनिवारी काय झालं ते तिने सांगितलं. अमिनाताने उठून नरेंद्रची पाठ, कंबर, कोपर चाचपून पाहिलं.

संध्याकाळी जाताना मात्र ती दारात घुटमळली. कार्यक्रमात नेवार्कच्या काही मुली भेटल्या होत्या. हँडबॉल खेळतात, पण गोलमध्ये उभं कसं राहायचं ते शिकवायला कुणी नाही. त्यांना तिने अजून हो म्हटलं नव्हतं. शनिवारी सकाळी मोकळीक मिळेल का, असं तिने विचारलं; दुपारी बारापर्यंत ती येईल.

शुभाच्या डोळ्यांसमोर ती दोन तासांची झोप आली. दुसरं कोण मिळेल, मुलगी अनया एडिसनहून दर शनिवारी येऊ शकेल का, यातलं काहीच तिला ठाऊक नव्हतं.

"बारा म्हणजे बारा," ती म्हणाली.

अमिनाताने मान हलवली आणि बस चुकू नये म्हणून भराभर निघाली. शुभाने दार लावलं आणि अनयाला फोन लावला.