बाप्पासमोरचा धुकेगड

दीपेशला या व्यवहारात काय मिळणार होतं, ते आधी मांडू. अनयच्या घरच्या रविवारच्या खेळात कायमची खुर्ची, ठाण्याच्या स्पर्धेसाठी संघातली चौथी जागा, आणि संघ अनयची बहीण सई निवडणार असल्यामुळे जमलंच तर गाडीत तिच्या शेजारची सीट. भांडवल काय, तर बढाई. ‘धुकेगड’च्या सगळ्या जाडजूड कादंबऱ्या वाचल्यात, असं तो सांगून बसला होता. वाचलं होतं ते पहिल्या भागाचं मलपृष्ठ.

त्या कादंबऱ्यांवरून पत्त्यांचा खेळ निघालाय; रविवारी तोच चालायचा आणि ठाण्याची स्पर्धाही त्याचीच. सुरुवातीला सगळ्यांना सारखीच दुबळी पानं मिळतात, शेतकरी आणि भालदार. मग मधल्या बाजारातून सेनापती, चेटकिणी, घुबडं घेत आपला कॅट भारी करत जायचा. अनयच्या मामाने तो परदेशातून आणलेला, आता छापतही नाहीत, स्पर्धेतही आयोजकांचेच जुने संच वापरतात.

“सरावाला ने,” अनय म्हणाला, “पण जीव लावून सांभाळ.”

अंजूरला दीपेशच्या घरी गौरी-गणपती. त्याच घरात राहणाऱ्या, गोदामावर सुपरवायझर असलेल्या चुलतभावाला, धनेशला समोर बसवून त्याने बाप्पापुढच्या सतरंजीवरच डाव मांडला. धनेश प्रत्येक पानाला विचारायचा, “ह्या घुबडाचा पगार कोण देतो रे?”

विसर्जनाहून परतल्यावर दीपेशने कपाट, गाद्या, सतरंजी सगळं उलटंपालटं केलं.

“काय शोधतोस?” आई, कमळाबाईंनी विचारलं.

“पत्ते. चित्रांचे.”

“ते निर्माल्यात गेले. बाप्पासमोर खेळलेला कॅट घरात ठेवतात काय?”

नाहीच ठेवत. तो घरात राहिला तर पुरुषांचा हात वर्षभर पत्त्यांवरून उठत नाही, असं त्यांच्या सासूने घालून दिलेलं. आजवर जागरणाचे साधे कॅट खाडीत जात, कोणाला काही वाटत नसे.

“आई, ते माझे नव्हते.”

“मग दुसऱ्याची वस्तू देवापुढे मांडलीस कशाला?”



रविवारी भिवंडीला जाताना रिक्षात त्याने खरं वाक्य घोकलं. आईने निर्माल्याबरोबर खाडीत सोडले. एवढंच. पण अनयच्या हॉलमध्ये, पुस्तकांच्या कपाटासमोर, सई बघत असताना ते वाक्य त्याला फार गावठी वाटलं. ती हसेल, मग आईची गोष्ट करून चार ठिकाणी सांगेल, असंही वाटलं.

“धनेशने नेले,” तो म्हणाला. “गोदामावर खेळायला. हरवून आला.”

अनय पाणी प्यायला आत गेला.

“तू कशाला तोंड पाडतोस?” सई म्हणाली. “घरातच अशी माणसं असली की...” पुढचं तिने गिळलं. दीपेशनेही.

तेवढ्यात बेल वाजली. अनयने येऊन दार उघडलं. दारात धनेश, हातात डबा. “इकडंच काम होतं. काकीने प्रसाद पाठवलाय.”

अनयने डबा घेतला नाही. “धनेश ना तू? पत्ते सापडले का, तुझ्याकडून हरवलेले?”

धनेशने दीपेशकडे पाहिलं. दीपेश स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

“न्हाय सापडले,” धनेश म्हणाला. “माझीच चूक. सॉरी, भाऊ.”

डबा त्याने टेबलाच्या कडेला ठेवला.

परतताना बाइकवर दीपेश मागे बसला होता.

“काकीचं नाव न्हाय ना निघालं?” धनेशने विचारलं.

“नाही.”

“मग ठीक हाय. पण मला आधी सांगायचंस रे. जरा बरं खोटं बोललो असतो.”

दीपेशला बरंच बोलायचं होतं. अंजूर आलं तरी ते तोंडातच राहिलं.

तर हिशेब असा. चौथी जागा दीपेशला मिळाली. सईच्या शेजारची सीटही. वाटेत तिने ‘तुमचा तो गोदामवाला’ म्हणून विनोद केला आणि दीपेश सगळ्यांबरोबर हसला, खिडकीकडे तोंड करून. अनयचा खेळ गेला. कमळाबाईंना यातलं काही ठाऊक नाही, त्यांचं काही गेलं नाही. दीपेशने अजून काहीच भरलेलं नाही, आणि रोज जेवताना ज्याच्या शेजारी त्याचं ताट असतं, त्या धनेशने सगळं भरलंय.